मायाप्पाचा अंगठा

जतहून मिरजेला निघालेल्या गाडीत सगळं एका ठेक्यात चाललं होतं. समोरची काच पुसणारी पट्टी, थांबा जवळ आल्याची घंटी, मागच्या बाकावरच्या पोरींच्या टिचक्या, दरवाजा उघडताना होणारी फुसफुस, सगळं. गाडीला चालक नव्हता, त्यामुळे "बंद करा की जरा हे" असं म्हणायलाही कुणी नव्हतं. महानंदा कोळेकर खिडकीशी बसली होती. वय एक्क्याऐंशी. मांडीवर घोंगड्यात गुंडाळलेली एक चौकोनी वस्तू होती, आणि बाजाराला नेलेली कोंबडी धरावी तशी ती तिने दोन्ही हातांनी धरली होती.

शेजारचा म्हातारा बोलका होता. त्याने अभिमानाने छातीवर हात ठेवला.

"आमचंबी आता समठोक्यावर. गेल्या साली बारकं यंत्र बसवलं आत. मिनिटाला साठ. एक इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई."

"आन् बायकोवर चिडता तवा?" महानंदाने विचारलं.

"तवाबी साठच."

"मग तिला कळतं कसं, चिडलाय म्हणून?"

म्हाताऱ्याने छातीवरचा हात काढून घेतला. तो खिडकीबाहेर बघू लागला.

समठोका म्हणजे वरून येणारा ठोका. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांत अणूंच्या कंपनांवर चालणारी घड्याळं असतात, आणि लाखो वर्षांत त्यांची एका सेकंदाची चूक होत नाही. त्या घड्याळांचा ठोका सतत खाली येत असतो. सुरुवात झाली ती गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या सोयीसाठी. गळा नागपुरात, ढोलकी मिरजेत आणि बासरी परदेशात असेल, तर प्रत्येकाच्या आवाजाला वाटेत वेगवेगळा उशीर लागतो आणि गाण्याचा चिवडा होतो. तेव्हा असं ठरलं, की एकमेकांकडे बघून वाजवू नका, सगळ्यांनी वरच्या ठोक्याकडे बघून वाजवा. ते इतकं सोयीचं ठरलं, की हळूहळू घंट्या, भोंगे, गिरण्या, लग्नातली वाजंत्री, शाळेतली कवायत, सगळंच त्या ठोक्याला बांधलं गेलं.

मग आली कानकुडी. मुगाच्या दाण्याएवढी, कानात बसवायची. बाहेरचा आवाज ती कानात शिरण्याआधी निमिषभर अडवते. पळालेला ठोका मागे ओढते, रेंगाळलेला पुढे ढकलते, पट्टी सोडलेला सूर पट्टीत बसवते आणि मगच आत सोडते. तिशीच्या आतल्या माणसाने वाकडा ठेका असा कधी ऐकलेलाच नव्हता. महानंदाची कानकुडी मात्र पिशवीत, भंडाऱ्याच्या पुडीशेजारी पडून असायची. ती कानात घातली की आपल्याच घरात आपण पाहुणे आलोय असं तिला वाटे.

मिरजेत, पूर्वी जिथे बेदाण्याचं शीतगृह होतं, तिथे आता राज्याचा ध्वनिकोश होता. जुन्या गाण्यांच्या फिती तिथे थंडाव्यात जपून ठेवत. भिंतींना अजून बेदाण्याचा गोडसर वास होता. फितींचं काम डॉक्टर तहसीन मुजावर बघायची. मूळची मिरजेचीच, वय पंचेचाळीस, चष्मा कपाळावर सरकवून तोच शोधत फिरणारी.

"या आजी. काय आणलंय एवढं गुंडाळून?"

"माझी सवत हाय," महानंदा म्हणाली. "बावीस वर्षं आमच्या ह्यांनी हिला घोंगड्यात घेतलं आन् मला चादर दिली."

घोंगडं सोडलं तेव्हा आतून निघाली एक जुनी ठेकापेटी. जपानी बनावटीची, महानंदापेक्षा सतरा वर्षांनी थोरली. नावाची पट्टी कधीच गळालेली. ढोल, झांज, टाळी असे आवाज आपोआप काढणारी ही यंत्रं एके काळी गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत असत. जतच्या 'जय बिरोबा मेलडी'त माणसं पाच होती आणि सहावी ही. महानंदा गायची, तिचा नवरा मायाप्पा ठेकापेटी सांभाळायचा.

पेटीच्या पोटातून महानंदाने कापडात बांधलेली एक रिळाची फीतही काढली.

"हे गाणं कोशात ठेव. 'उन्हाचं पाणी'. आमचं सोताचं हाय, ह्यांनीच रचल्यालं. पण तसं नगं ठेवू. ठेका सरळ करून ठेव."

"सरळ केल्याशिवाय कोशात जातच नाही आजी. नियमच आहे. पण एवढ्या तातडीने?"

महानंदाने पदराने पेटीवरची धूळ पुसली. नव्हती तरी पुसली. मग सांगितलं.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी पुण्याच्या एका कंपनीत जाऊन हेच गाणं वाजवून दाखवलं होतं. तिथला साहेब म्हणाला, बाईंचा गळा चांगला आहे, पण ठेका पळतो, असलं आम्ही काढत नाही. परतीच्या वाटेवर महानंदा मायाप्पाशी बोलली नाही. घरी आल्यावर बोलली. "तुमच्या अंगठ्यानं माझं गाणं घालवलं," असं बोलली.  दुसऱ्या आठवड्यात मायाप्पाने सगळ्यांना गोळा केलं आणि गाणं पुन्हा फितीवर घेतलं. तीनदा घेतलं. तिसरं बरंच सरळ आलं. तिन्ही या एकाच फितीवर होती. ती पुण्याला गेलीच नाही, कारण नवव्या दिवशी दुपारचं जेवून मायाप्पा लवंडला तो उठला नाही. शेहेचाळीस वर्षांचा होता.

"माणसाला आडवं बोलून झालं आन् सरळ बोलायचं राहिलं," महानंदा म्हणाली. "तवा त्यांचा ठेका तरी सरळ करते. तिसरं घे. त्यात थोडंच वाकडं हाय. मग कोशात त्यांचं नाव राहील, आन् कुणी म्हणणार न्हाई, पळतो म्हणून."

तहसीनने फीत उजेडात धरली. "ही एकदाच वाजेल आजी. चिकट झालीय. मंद आचेवर शेकून घेतली की एकदा वाजते, पण वाजता वाजता तिच्यावरची भुकटी झडते. दुसऱ्यांदा काही नाही."

"एकदाच बास की."

"आणि त्याआधी मला तुमच्या सवतीचा स्वभाव कळायला हवा."

पेटीचा स्वभाव समजून घ्यायला दोन दिवस गेले. महानंदा कोशाच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिली आणि दिवसभर तहसीनच्या शेजारी स्टुलावर बसून राहिली.

"हिच्या आत एक बारका तांब्या आहे असं समजा," तहसीनने सांगितलं. "पाण्याऐवजी विजेने भरणारा. भरला की उलटतो. उलटला की एक ठोका. पुन्हा भरायला लागतो. वरची तोटी मोठी सोडली तर लवकर भरतो, ठेका जलद. तोटी बारीक केली तर उशिरा, ठेका संथ. पेटीवरचं वेगाचं बटण म्हणजे ती तोटी. पण तुमच्या पेटीला बटणच नाही. हे दोन पितळी खिळे कसले?"

"ती ह्यांची करामत. डफळापूरच्या जत्रेत एकाचा पाय वायरीत अडकला, पेटी खाली आली आन् बटण मोडलं. कार्यक्रमाला अर्धा तास. ह्यांनी बटणाच्या दोन तारा बाहेर वढल्या, हे खिळे ठोकले, तारा बांधल्या, आन् वर अंगठा ठिवला. चालली की पेटी! दाबलं की जलद, सैल केलं की संथ. मग बटण आणलंच न्हाई कवा. म्हणायचे, बटणाला गाणं कळत न्हाई, अंगठ्याला कळतं."

"म्हणजे वीज अंगठ्याच्या कातडीतून जायची. अंगठा हीच तोटी."

"कातडीबितडी मला न्हाई ठाऊक. घाम आला की ठेका पळायचा, म्हणून भंडारा लावायचे अंगठ्याला."

तहसीनने भिंगातून बघितलं. खिळ्यांच्या माथ्यांवर, खाचेत, हळदीचा पिवळा अजून होता.

तिने अंगठ्याच्या जागी विजेला ठरावीक अडथळा करणारा एक तुकडा जोडला, पेटी काचेच्या कपाटात ठेवली आणि कपाट गार करत, तापवत दिवसभर मोजत राहिली. थंड पेटी संथ चालत होती, तापली की पळत होती. तिच्या ढोलाचा सूरही तापमानाप्रमाणे हलत होता. तो सूर बाहेरून बदलता येत नसे, म्हणून 'जय बिरोबा मेलडी'वाले उलटं करायचे. कार्यक्रमाआधी पेटी घोंगड्यात गुंडाळून तासभर ऊब द्यायची, तिचा ढोल स्थिर झाला की कीबोर्ड त्याला लावायचा, आणि महानंदाचा गळा कीबोर्डला. त्यामुळे त्यांची पट्टी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी असे. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही वाद्याशी ती जुळत नसे.

"पाच माणसं एका पेटीची पट्टी धरून बसायची?" तहसीनला हसू आलं.

"घरातल्या थोरल्या बाईची धरावीच लागती," महानंदा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फीत शेकून तयार झाली. तहसीनने ती यंत्रावर चढवली, मोजणीचं यंत्र सुरू केलं आणि दोघी कर्ण्यासमोर बसल्या. आधी खरखर झाली. मग मायाप्पा खाकरला. महानंदाने पदर घट्ट धरला. मग ठेका सुरू झाला आणि त्यावर एकेचाळीस वर्षांच्या महानंदाचा गळा चढला.

*उन्हाचं पाणी दिसतंय लांब,*
*जरा थांब राया, जरा थांब...*

"हितं! ऐकलंस? पळाला बघ. मी थांब म्हणते आन् हा पळतो!"

"मला नाही जाणवलं."

"कसं जाणवंल? ते कानातलं काढ की आधी!"

तहसीनचा हात कानाकडे गेला आणि अडला. कोशात काम करताना ती मोजत असे, ऐकत नसे. ऐकताना कानकुडी असायचीच. तिने दोन्ही कुड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि खुर्चीचा हात धरला. पायाखालची होडी हलावी तसं झालं. ठेका चालत होता, पण माणूस चालतो तसा. चढावर दमल्यासारखा, उतारावर मोकळा. आणि "जरा थांब" आलं की खरंच पळत होता, बोलावल्यासारखा.

दुसऱ्यांदा घेतलेल्या गाण्यातही तसंच झालं. दुसरं गाणं संपल्यावर फितीवर महानंदाचा आवाज आला, कोरडा.

"पुन्हा घ्या. आन् अंगठा सरळ ठेवा जरा."

कुणीतरी हसल्याचा आवाज. मग तिसरं गाणं, बरंच सरळ. शेवटी पुन्हा तिचाच आवाज, "हां! आता कसं!" आणि फीत संपली. रिळाखाली तपकिरी भुकटीचा ढीग पडला होता. तपकिरीच्या चिमटीएवढा.

महानंदाने घट्ट धरलेला पदर सोडला. मग म्हणाली, "चहा सांग कुणालातरी."

दुपारी तहसीनने हिशेब मांडायला घेतला. फितीचा वेग कमीजास्त झाला तर ठेका आणि सूर दोन्ही बरोबरीने हलतात. शिवाय जुन्या फितीवर विजेची बारीक गुणगुण असते, सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची. तिच्यावरून फितीचा दोष ओळखता येतो. तो तिने काढला. मग पेटीच्या उबेचा परिणाम तक्त्यावरून काढला. आता पडद्यावर जी रेघ उरली ती मायाप्पाच्या अंगठ्याची होती. हीच पुसायची, की झालं काम.

तहसीन रेघेकडे बघत राहिली. रेघ वेडीवाकडी असेल अशी तिची अपेक्षा होती. पण मोठ्या वळणांवर बारीक बारीक लाटा होत्या, आणि त्या नियमाने येत होत्या. मिनिटाला अडुसष्ट. गाण्याच्या ठेक्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

तिने पेटी पुढे ओढली, अडथळ्याचा तुकडा काढला आणि खिळ्यांवर स्वतःचा अंगठा ठेवला. पेटी बडबडू लागली. पडद्यावर नवी रेघ उमटली. तिच्यावरही लाटा. मिनिटाला एक्क्याऐंशी. तहसीनने दुसऱ्या हाताने आपल्या गळ्यावरची नस चाचपली आणि मोजलं. एक्क्याऐंशी.

"आजी," ती म्हणाली, "जरा इकडे या. नाही, बसूनच राहा. मीच येते."

ती महानंदापुढे जमिनीवर बसली.

"हृदय दर ठोक्याला रक्त ढकलतं. ते अंगठ्याच्या टोकापर्यंत पोचतं, अंगठा केसभर फुगतो, खिळ्यांवर केसभर जास्त टेकतो. वीज केसभर जास्त जाते. तांब्या केसभर लवकर भरतो. कुणाच्या कानाला हे कळणार नाही. पण फितीवर ते उतरलंय."

"मंजे काय?"

"म्हणजे ह्या फितीवर तुमच्या मालकांची नाडी आहे. अख्खी. गाणं चाललं होतं तेव्हाची."

महानंदाने पडद्याकडे बघितलं. मग तहसीनकडे. "थट्टा करू नगं हं पोरी."

"तुमची शपथ."

"ही रेघ? ही हलतीय ती?"

"हीच. मिनिटाला अडुसष्ट."

महानंदा उठून पडद्याजवळ गेली. तिने बोट पुढे केलं, पण काचेला लावलं नाही. "अडुसष्ट," ती हळूच म्हणाली. "आन् हितं एकदम डोंगर कसला?"

"ते तुमचं 'जरा थांब'. तिथे नाडी चौऱ्याऐंशीवर जाते. आणि कातडी ओलसर होते, म्हणून ठेका पळतो. माणसाच्या मनात काही हललं, की घाम दिसण्याआधीच कातडी ओलावते. खोटं पकडायच्या यंत्रात हेच मोजत. पहिल्या गाण्यात तीनदा 'जरा थांब' आहे, तीनही वेळा डोंगर. दुसऱ्यातही तीनही वेळा."

"मंजे मला भीत होते? मी वरडीन म्हणून?"

तहसीन खरं बोलली. "अंगठ्यावरून ते नाही सांगता येत आजी. भीती असो नाहीतर दुसरं काही, कातडीला दोन्ही सारखंच. तुम्ही ओळखत होता त्यांना. मी नाही."

महानंदा स्टुलावर येऊन बसली. "त्या ओळीला मी त्यांच्याकडं बघायची," ती म्हणाली. "गाणंच तसं हाय. राया म्हणायचं तर कुणाकडं बघू, कीबोर्डवाल्याकडं? मी बघायची आन् हे मान खाली घालून अंगठ्याकडं बघायचे. मला वाटायचं, माणसाचं ध्यान न्हाई."  मग ती एकदम हसली. "बावीस वर्षं! लबाड माणूस. एकदा तोंडानं बोलला न्हाई. आन् पुण्याच्या साहेबासमोर वाजवून दाखवलं!"

हसता हसता तिने डोळे पुसले. "आन् तिसऱ्यात? तिसऱ्यात किती डोंगर?"

तहसीनने पडद्याकडे तोंड फिरवलं, तेव्हा महानंदाचं हसू थांबलं.

"सांग."

"तिसऱ्यात डोंगर नाहीत. त्यांनी अंगठा सगळं गाणंभर जोरात दाबून धरलाय. इतका, की कातडीचा ओलावा त्या दाबापुढे दिसतच नाही. म्हणून ते सरळ आलंय. पण नाडी..." तहसीनने पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा. सात-आठ लाटा, मग एक नाही. पुन्हा सहा, मग एक नाही. हृदय ठोका चुकवतंय. पहिल्या दोन्ही गाण्यांत हे कुठे नव्हतं."

"हां, आता कसं," महानंदा म्हणाली. फितीवरच्याच सुरात, पण हळू. "असं म्हणले मी तवा. आता कसं."

तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

तहसीनलाही काही बोलायचं होतं, आणि ते नियमाचं होतं, म्हणून तिने ते एका दमात सांगितलं. गाणं कोशात ठेवायचं तर ही रेघ पुसावी लागेल. पुसली की मूळ मोजणी यंत्र आपोआप खोडतं. दोन प्रती ठेवता येत नाहीत, तसा कायदा आहे. पुसायची नसेल तर गाणं परत न्यावं लागेल. मग ते कोशात येणार नाही, मायाप्पाचं नाव कुठे लागणार नाही, आणि कुणी ऐकलंच तरी कानकुडी ते सरळ करूनच कानात सोडेल. यंत्र संध्याकाळी पाचला विचारेल. तेव्हा ठरवावं लागेल.

"पुसल्यावर गाणं कसं वाजंल?"

"छान वाजेल. तुमचा गळा तसाच राहील."

"आन् आत कुणी नसंल."

"नसेल."

महानंदाने खोलीभर नजर फिरवली. छतापर्यंत कप्पे, कप्प्यांवर क्रमांक. "हितं किती गाणी हायत गं?"

"सहा लाखांवर."

"सगळी सरळ केल्याली?"

"सगळी." तहसीन चष्मा शोधू लागली. तो कपाळावरच होता. "प्रत्येकात अशी पेटी नव्हती. पण कुणाचा हात ढोलकीवर होता, कुणाचा पाय तालावर, कुणाचा श्वास सनईत. आम्ही फक्त चूक मोजली आणि काढून टाकली. चुकीत काय आहे ते बघितलंच नाही." तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला. "इथे मला ठेवून घेताना त्यांनी एक फीत सरळ करून दाखवायला सांगितली होती. मी अब्बांची नेली. उरुसात ढोलकी वाजवायचे ते. त्यांचा ठेका नेहमी शेवटाकडे सुटायचा. मी असा सरळ केला आजी, असा सरळ केला, की सगळ्यांनी पाठ थोपटली. वीस वर्षं मी ते ऐकतेय आणि मला वाटतं, अब्बा आठवत का नाहीत ह्यात?"

महानंदाने चहाचा कप खाली ठेवला आणि तहसीनच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"तुझ्या वडलांना तू आडवं तर बोलली नव्हतीस ना?"

"नाही."

"मग तू माझ्यापरास बरी."

पाच वाजता यंत्राने विचारलं. महानंदा म्हणाली, "पुसू नगं. परत दे. आन् पहिलं गाणं दे मला आधी. तिसरं नगं. पहिलं, पळतंय ते."

तहसीनने कळ दाबली. सहा लाखांत एक गाणं आलं नाही. कोशाला त्याचा पत्ताही लागला नाही.

"आता तुझं यंत्र रिकामं हाय का घडीभर?" महानंदाने विचारलं. "त्यांच्या रेघेशेजारी माझीबी रेघ काढ."

तिने पिशवीतून भंडाऱ्याची पुडी काढली, चिमूटभर अंगठ्याला चोळली, आणि ज्या जागी आधीच पिवळं होतं तिथे अंगठा टेकवला. पेटी घोंगड्यात ऊब घेऊन तयारच होती. ठेका सुरू झाला, जरा संथ. तहसीनने कानकुड्या उचलल्या, हातात घोळवल्या आणि खणात टाकल्या.

महानंदा गायला लागली. गळा थकला होता, वरच्या सुराला चिरत होता, पण पट्टी तीच होती, काळी एक आणि पांढरी दोनच्या मधली. पडद्यावर वरती मायाप्पाची रेघ थांबून होती, खाली तिची उमटत चालली. "जरा थांब राया" आलं, तिने वर बघितलं, आणि ठेका पळाला. तहसीन हसली.

मग तिचं हसू मावळलं. खालच्या रेघेत सात लाटा होत्या आणि एक नव्हती. पुन्हा सहा. पुन्हा एक नव्हती.

तहसीन उठली. पेटी बंद करायला तिने हात पुढे केला. "आजी, थांबा. तुमची नाडी..."

महानंदाने गाणं तोडलं, पण अंगठा उचलला नाही. ठेका चालूच राहिला.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "सांगलीच्या डॉक्टरनं दिवाळीतच सांगितलंय. छातीत यंत्र बसवतो म्हणतो, समठोक्यावरचं. मिनिटाला साठ. म्हटलं, मग आमच्या ह्यांच्याकडं बघून मी पळू कशी?" तिने दुसऱ्या हाताने तहसीनला खाली बसायची खूण केली. "बस. घे हाय तसं. फक्त पुन्हा घ्या म्हणू नगंस."

तहसीन बसली. महानंदाने जिथे सोडलं होतं तिथून ओळ धरली.

ठेका कुठे थांबत, कुठे पळत पुढे चालला. तहसीनने मोजलं नाही, ऐकलं.